कोकणातल्या गाडीला कुठली बॅटरी: साधी, ईएफबी, एजीएम की लिथियम?

मे महिन्यात मावसभावाचा फोन आला तेव्हा तो गावच्या अंगणात गाडीजवळच उभा होता. चावी फिरवली की टक्-टक्-टक् असा आवाज मला फोनवरही ऐकू येत होता. "दादा, सेल्फ उचलतच नाही. दुकानदार म्हणतो बॅटरी गेली. चार प्रकार सांगितलेत त्याने: साधी मेंटेनन्स फ्री, ईएफबी, एजीएम आणि लिथियम. म्हणतो, एकदाच काय ती चांगली घाला, म्हणजे परत बघायला नको. काय करू?"

त्याचं घर आचऱ्याजवळ, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. स्वतः राहतो कल्याणला. तिथे गाडी लावायला जागा नाही, म्हणून गाडी गावीच असते. शिमगा, मे, गणपती, दिवाळी, अशी वर्षातून चार वेळा चालते आणि मधले दिवस मांगरात, म्हणजे घराशेजारच्या शेडमध्ये, उभी असते. अशी एक तरी गाडी आता आमच्याकडच्या प्रत्येक वाडीत आहे. त्यामुळे हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, आणि फोनवर पाच मिनिटांत देण्यासारखं उत्तरही नाही. गेल्या पंधरा वर्षांत घरच्या तीन गाड्यांच्या मिळून सहा बॅटऱ्या मी बदलल्या, त्यातून जे कळलं ते इथे सविस्तर लिहितो.

प्रकार ठरवण्याआधी एकच गोष्ट बघा: तुमची आधीची बॅटरी कशाने गेली. ते कळल्याशिवाय महागातली घेतली, तर तीही त्याच वाटेने जाते.

उभ्या गाडीचा हिशेब

गाडी बंद करून कुलूप लावलं तरी ती पूर्ण झोपत नाही. सेंट्रल लॉकिंगचा रिसीव्हर, अलार्म, घड्याळ, इंजिनाचा कॉम्प्युटर, सगळं थोडी थोडी वीज खात राहतं. मावसभावाच्या गाडीत मी मल्टिमीटर लावून पाहिलं तेव्हा २५ मिलिअँपिअर आले. यात वावगं काही नाही, बहुतेक गाड्यांत २० ते ५० मिलिअँपिअर जातातच. पण गुणाकार करून बघा. २५ मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला ०.६ अँपिअर-अवर (बॅटरीत किती वीज मावते ते याच मापात सांगतात), महिन्याला १८. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी असते ३५ अँपिअर-अवरची. म्हणजे शिमग्याला ठेवलेली गाडी एका महिन्यात अर्धी उतरते आणि मेमध्ये घरधनी येईपर्यंत कोरडी होते. गणपतीला येणाऱ्यांचं तर विचारायलाच नको. जूनच्या सुरुवातीपासून चवथीपर्यंत अडीच-तीन महिने होतात.

बॅटरी नुसती उतरली तर ती पुन्हा चार्ज होते. घात होतो तो उतरलेल्या अवस्थेत पडून राहण्याने. शिशाच्या प्लेटींवर लेड सल्फेट तयार होणं हा बॅटरीच्या रोजच्या कामाचाच भाग आहे. चार्ज केलं की ते परत विरघळतं. पण आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर त्याचे खडे घट्ट होतात आणि मग कितीही चार्जिंगला लावा, प्लेटीचा तेवढा भाग कायमचा गेला. १८५९ साली गास्ताँ प्लांते या फ्रेंच माणसाने शिशाची पहिली बॅटरी केली. तेव्हापासून आजपर्यंत या एका दुखण्यावर पुरता उपाय निघालेला नाही. साधी असो, ईएफबी असो की एजीएम, आत शिसं आणि गंधकाम्लच आहे, त्यामुळे तिघींनाही हे दुखणं आहे.

आमच्या इथला बॅटरीवाला मावसभावाच्या गाडीचं बोनेट उघडून बघून म्हणाला, "बॅटरी मराक नाय हा, उपाशी रवली हा." रात्रभर चार्जरवर लावली. सकाळी १२.६ व्होल्ट दाखवत होती, दुपारी १२.१ वर आली. चार वर्षांची होती आणि दर वर्षी दोन-तीनदा अशी उपाशी राहिलेली. तिथे बदलण्याला पर्याय नव्हता. पण कारण कळलं ते महत्त्वाचं.

हे आकडे लक्षात ठेवा, साध्या शिशाच्या बॅटरीला लागू पडतात, एजीएमचे थोडे वर असतात: गाडी काही तास बंद ठेवून मोजल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. मल्टिमीटर ही चारशे-पाचशे रुपयांची वस्तू आहे आणि चुकीची बॅटरी घेण्यापेक्षा फार स्वस्त.

खार आणि उष्णता

दुसरं कारण उष्णता. किनाऱ्यावर थर्मामीटर ३३-३४ दाखवतो म्हणून आपल्याला वाटतं, फार काही नाही. पण गगनबावड्याचा किंवा आंबोलीचा घाट चढून गाडी बंद केली की बोनेटखाली ६०-७० अंश सहज होतात, आणि वारा थांबल्यामुळे ती उष्णता बराच वेळ आत कोंडून राहते. बॅटरीचं तापमान दर ८-१० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. म्हणून डब्यावर लिहिलेले कोल्ड क्रँकिंगचे (कडाक्याच्या थंडीत सेल्फ फिरवण्याच्या ताकदीचे) मोठाले आकडे पाहून जास्त पैसे देऊ नका. तो आकडा उणे १८ अंशांवर मोजतात. आपल्याकडे पौषातल्या पहाटेही अंगावर शाल पुरते.

खाऱ्या हवेचं मात्र नीट समजून घेतलं पाहिजे, कारण तिच्यापायी चांगल्या बॅटऱ्या भंगारात जाताना मी पाहिल्या आहेत. खार बॅटरीच्या आत जात नाही. तो टर्मिनल, क्लँप, बॅटरीखालचा पत्र्याचा ट्रे आणि सगळ्यात जास्त इंजिनाकडून बॉडीला गेलेली अर्थची तार खातो. दोन वर्षांपूर्वी माझी गाडी अशीच लागेनाशी झाली. बॅटरी १२.५ व्होल्ट दाखवत होती. मल्टिमीटरची एक सुई निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी थेट इंजिनाच्या लोखंडावर धरली, आणि मुलाला सेल्फ मारायला सांगितला. तिथे शून्याच्या आसपास, फार तर ०.२ व्होल्ट यायला हवेत. आले १.४. अर्थची तार सोडवून वाकवली तर रबराच्या आतून हिरवी पूड अंगणात सांडली. तांब्याचे अर्धे तंतू गळून गेले होते. नवी तार घातली, दोन्ही टोकांचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला, वर पेट्रोलियम जेली लावली, आणि तीच बॅटरी पुढे पावणेदोन वर्षं चालली. समुद्राजवळ राहणाऱ्याने बॅटरी बदलण्याआधी ही एवढी तपासणी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता चारही प्रकार एकमेकांशेजारी ठेवून पाहू.

साधी: पाणी घालायची आणि मेंटेनन्स फ्री

पाणी घालायच्या बॅटरीला सहा बुचं असतात, डिस्टिल वॉटरची पातळी महिन्या-दोन महिन्यांनी बघावी लागते. मेंटेनन्स फ्रीमध्ये प्लेटीच्या जाळीत अँटिमनीऐवजी कॅल्शियम असतं, त्यामुळे पाणी फार कमी उडतं आणि नुसती पडून असताना ती उतरतेही हळू. छोट्या गाड्यांसाठी आता बहुतेक हीच मिळते.

पाणी घालायचीला मी कमी लेखणार नाही. मालवणच्या जेटीवर ट्रॉलरवाल्यांच्या बॅटऱ्या बघा. लाकडी पेटीत, वर झाकण, टर्मिनलवर ग्रीसचा जाड थर. उष्णतेत पाणी उडालं तर वरून घालता येतं, हा तिचा मोठा गुण आहे. बंद बॅटरीतलं पाणी एकदा गेलं की गेलं. पण हा गुण कामाला येतो तो रोज लक्ष देणाऱ्या माणसाच्या हातात. शिवाय बुचांच्या भोकांतून आम्लाची वाफ बाहेर पडते, तिला खारी दमट हवा मिळाली की टर्मिनलवर पांढरी-निळसर पूड चढायला वेळ लागत नाही. गाडी गावी ठेवून शहरात राहणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

मेंटेनन्स फ्रीवरच्या छोट्या काचेच्या डोळ्याबद्दल एक सूचना. हिरवा म्हणजे ठीक, काळा म्हणजे चार्ज करा, पांढरा म्हणजे बदला, असं वर छापलेलं असतं. पण तो डोळा सहापैकी एकाच सेलमध्ये बुडवलेला आहे. बाकीच्या पाचांचं त्याला काही कळत नाही. डोळा हिरवा आणि गाडी बंद, असं होऊ शकतं.

ईएफबी: स्टार्ट-स्टॉप असेल तर हीच, नसेल तर...

सिग्नलला गाडी उभी राहिली की इंजिन आपोआप बंद होतं आणि क्लच दाबला की चालू होतं, अशा गाड्यांसाठी ईएफबी आहे. बनावट साध्या बॅटरीसारखीच, पण प्लेटी जाड, आणि पॉझिटिव्ह प्लेटवर पॉलिएस्टरची बारीक जाळी, म्हणजे वारंवार उतरण्या-चढण्याने प्लेटीवरचा लेप झडू नये. अर्धवट चार्ज राहण्याची सवय तिला साध्यापेक्षा जास्त सोसते.

या बाबतीत मी स्वतः पोळलो आहे. बायकोच्या गाडीला स्टार्ट-स्टॉप आहे. तिची मूळची ईएफबी गेली तेव्हा जिल्ह्यातल्याच एका दुकानात गेलो. ईएफबी शिल्लक नव्हती. "साईज तीच आहे, काही फरक पडत नाही," म्हणून त्यांनी साधी बसवून दिली. मीही घाईत होतो, ऐकलं. तीन महिन्यांत स्टार्ट-स्टॉप बंद पडलं, आणि चौदाव्या महिन्यात, कणकवली स्टेशनवर पहाटेच्या गाडीने आलेल्या सासूबाईंना घ्यायला गेली असता, बायको पार्किंगमध्ये अडकली. वॉरंटीचं कार्ड घेऊन गेलो तर उत्तर मिळालं की स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत ही बॅटरी घातली म्हणून बदली मिळणार नाही. घालणारे तेच होते. त्या दिवशी आलेला राग अजून शमलेला नाही, आणि म्हणूनच स्पष्ट सांगतो: मूळची ईएफबी असेल तर ईएफबीच घाला, किंवा तिच्या वरची एजीएम. मूळची एजीएम असेल तर एजीएमच. वर जाता येतं, खाली येऊ नये. आणि बिलावर गाडीचं मॉडेल आणि बॅटरीचा प्रकार, दोन्ही लिहून घ्या.

उलट बाजूने, स्टार्ट-स्टॉप नसलेल्या गाडीत ईएफबी घालावी का? रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या होत असतील, बाजार, शाळा, बँक, परत घर, तर हो. छोट्या फेरीत सेल्फने खाल्लेलं भरून येतं, ते फार नसतं: दीडशे अँपिअर दोन सेकंद म्हणजे ०.१ अँपिअर-अवरही नाही. पण पावसाळ्यात दिवे, वायपर, मागची काच तापवणारी तार, एसी, सगळं एकदम चालू असतं आणि गाडी घाटीत हळू चालते, तेव्हा बॅटरी कायम अर्धपोटी राहते. अशा गाडीला ईएफबी जास्त टिकते. वर्षातून चार वेळा चालणाऱ्या गाडीला मात्र तिचा काही उपयोग नाही. तिथे दुखणं वेगळं आहे.

एजीएम: उत्तम वस्तू, पण जागा बघून

एजीएममध्ये आम्ल मोकळं डुचमळत नाही. काचेच्या अतिबारीक तंतूंच्या चटईत ते शोषलेलं असतं आणि प्लेटी त्या चटयांत घट्ट दाबून बसवलेल्या असतात. त्यामुळे खड्ड्यांच्या धक्क्यांनी त्या सैल होत नाहीत. वाफ जवळजवळ सगळी आतच परत पाणी होते, बाहेर आम्ल येत नाही, म्हणून टर्मिनलही स्वच्छ राहतात. खाऱ्या हवेच्या गावात हा खरा फायदा आहे, मी तो नाकारत नाही. सतत उतरणं-चढणं ती सगळ्यात चांगलं सोसते. गाडीत फ्रिज, मोठा ॲम्प्लिफायर, गाडी बंद असतानाही चालणारा कॅमेरा असं काही असेल तर शिशाच्या बॅटऱ्यांत हिला तोड नाही.

पण तिला उष्णता आणि जादा व्होल्टेज, दोन्ही बाधतात. आत पाणी मोजकंच, वरून घालायची सोय नाही. एकदा वाळली की संपली. अनेक जर्मन गाड्यांत एजीएम डिकीत ठेवलेली असते, इंजिनाच्या आचेपासून लांब, ते उगाच नाही. आपल्या छोट्या गाडीत बॅटरी इंजिनाला चिकटून असते. तिथे एजीएम घातली तर दुप्पट किंवा त्याहून जास्त पैसे मोजून दुप्पट आयुष्य मिळेलच असं नाही. आणि आमच्याकडच्या दुकानांत मी ज्या एजीएम पाहिल्या त्या बहुतेक मोठ्या डिन (जर्मन मानकाच्या) मापाच्या. छोट्या गाडीच्या ट्रेत ती बसत नाही. बसवून देतो म्हणणारा ट्रे कापणार आहे, हे लक्षात असू द्या.

एजीएम घ्यायचंच ठरलं तर आधी इंजिन चालू ठेवून टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असेल तर घाला. १४.८ च्या वर जात असेल तर आधी अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राचा, रेग्युलेटर बघून घ्या, नाहीतर ती वाळून जाईल.

लिथियम: ज्याचं आकर्षण सगळ्यात जास्त

मावसभावाचा ओढा इकडेच होता, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

गाडीत १२ व्होल्टच्या जागी बसणारी लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. ३.२ व्होल्टचे चार सेल ओळीने, म्हणजे १२.८ व्होल्ट, आणि त्यांच्यावर राखण करणारा एक सर्किट बोर्ड, बीएमएस. वजन शिशाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. पोर्शेने २००९ साली आपल्या स्पोर्ट्स गाड्यांसाठी अशी बॅटरी देऊ केली तेव्हा ती ६ किलोच्या आत होती, नेहमीच्या बॅटरीपेक्षा १० किलो हलकी. आणि सोबत थंडीच्या दिवसांसाठी साधी बॅटरीही दिली जायची. शर्यतीच्या गाडीला १० किलो वाचणं फार मोठं आहे. मागच्या सीटवर तांदळाचं पोतं आणि डिकीत चार पेट्या हापूस घेऊन जाणाऱ्या गाडीला त्या १० किलोंचं काय?

तिचे गुण खरे आहेत. हजारो वेळा उतरवली-चढवली तरी टिकते. आणि सगळ्यात मोठा गुण म्हणजे अर्धवट उतरलेली पडून राहिली तरी तिला सल्फेटचं दुखणं नाही. हे ऐकल्यावर वाटतं, मग उभ्या गाडीला हीच हवी. मलाही तसंच वाटलं होतं.

पण परत गुणाकार करा. ३५ च्या शिशाच्या जागी विकली जाणारी लिथियम बऱ्याचदा २० ते २४ अँपिअर-अवरची असते, कारण सेल्फ मारायला तेवढी पुरते. गाडी मात्र तेच २५ मिलिअँपिअर खाते, महिन्याला १८. म्हणजे ही महिना-सव्वा महिन्यातच तळाला जाते. मग बीएमएस तिला तोडून टाकतो आणि टर्मिनलवर शून्य व्होल्ट येतात. बॅटरी वाचते, पण गाडी लागत नाहीच. शून्य व्होल्टच्या बॅटरीला बरेचसे चार्जर ओळखतही नाहीत. त्यासाठी लिथियमचा वेगळा चार्जर लागतो. जुना, सल्फेट फोडण्यासाठी पंधरा-सोळा व्होल्टचे झटके देणारा चार्जर तर तिला लावूच नये. आणि तशीच तोडलेल्या अवस्थेत महिनोन् महिने राहिली तर सेल आणखी खाली जाऊन कायमचे बिघडू शकतात.

दुसरी भीती त्याहून मोठी आहे. बॅटरी तापली किंवा व्होल्टेज जास्त झालं की बीएमएस चालत्या गाडीतही तिला तोडू शकतो. शिशाची बॅटरी अल्टरनेटरचे झटके स्वतःवर घेते. ती एकदम नाहीशी झाली तर तो झटका गाडीच्या कॉम्प्युटरवर जातो. या सेलना ६० अंशांच्या वर राबवू नये असं बहुतेकांच्या माहितीपत्रकात असतं, आणि बोनेटखालचे ६०-७० अंश मी वर सांगितलेच. जिथे बॅटरी सीटखाली किंवा डिकीत आहे, अल्टरनेटर तिच्यासाठी तपासलेला आहे आणि मालक रोज गाडी चालवतो, तिथे लिथियम छान चालेल. बोनेटखाली बॅटरी असलेल्या, वॉरंटीतल्या गाडीत ती घालण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर घ्या.

ती बिघडली तर बघणार कोण, हाही प्रश्न आहेच. शिशाची बॅटरी कुडाळ, कणकवली, देवगड, कुठेही तासाभरात बदलून मिळते. गणपतीच्या सुट्टीत लिथियमचा बीएमएस दुरुस्त करणारा मी तरी इथे शोधू शकलो नाही.

मग उभ्या गाडीचं काय करायचं

दहा नंबरचा पाना घ्यायचा आणि निघण्याआधी निगेटिव्हची तार काढून बाजूला ठेवायची. बस्स. गाडी खात होती ते १८ अँपिअर-अवर शून्य झाले. चांगली मेंटेनन्स फ्री नुसती पडून महिन्याला चार-पाच टक्केच उतरते, म्हणजे तीन महिन्यांनीही पाऊणाच्या वर राहते. तार काढल्यावर घड्याळ आणि रेडिओ परत लावावे लागतात, काही गाड्यांत काचा वर करण्याचं बटण परत शिकवावं लागतं, आणि दार चावीने लावावं लागतं. जुन्या काही म्युझिक सिस्टिमना कोड लागतो, तो आधी शोधून ठेवा. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत ते काही दिवस चालत नाही, मग आपोआप चालू होतं.

"काकांना सांगितलंय, आठवड्यातून दहा मिनिटं चालू करून ठेवतात," हे मी बऱ्याच जणांकडून ऐकतो. काकांचं प्रेम खरं, पण उभ्या गाडीत दहा मिनिटांत फार काही भरत नाही, आणि इंजिनात वाफ धरते ती वेगळीच. चालवणारा विश्वासू माणूस असेल तर पंधरा दिवसांतून एकदा तासभर रस्त्यावर काढायला सांगा.

सतत लावून ठेवायच्या चार्जरचा विचार मी केला होता. पण पावसात झाड पडलं की लाईन जाते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं तेव्हा सिंधुदुर्गातल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. बंद घरात, माणूस नसताना, पावसाळाभर चालू चार्जर ठेवणं मला पटत नाही. छोटं सोलर पॅनल चालतं, पण मांगराच्या छपरावर लावावं लागेल. ढगाळ दिवसाला दीड तासाचं ऊन धरलं तर ५ वॅटचं पॅनल साधारण ०.६ अँपिअर-अवर देतं, म्हणजे गाडी खाते तेवढंच जेमतेम. १० वॅटचं घ्या, आणि मध्ये कंट्रोलर असलेलंच.

दुकानात गेल्यावर

प्रकारापेक्षा माप चुकण्याचं प्रमाण मी जास्त पाहिलं आहे. जुन्या बॅटरीवरचा आकडा फोटो काढून न्या. ३८ बी २० एल असं काही असेल तर पहिला आकडा ताकदीचा, बी ही रुंदी-उंची, २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि शेवटी एल किंवा आर म्हणजे टर्मिनल कुठल्या बाजूला. ते शेवटचं अक्षर चुकलं तर तार पोचत नाही, किंवा पोचवण्याच्या नादात उलटी जोडली जाते. बी २४ ही बी २० पेक्षा चार सेंटिमीटरने जास्त लांब असते, ट्रेत बसते का ते आधी पट्टीने मोजा. बसत असेल तर प्रकार बदलण्यापेक्षा ही मोठी साधी बॅटरी बऱ्याच गाड्यांना जास्त उपयोगी पडते. बॅटरी वरच्या पट्टीने नीट आवळलेली हवी. सैल बॅटरी आमच्या रस्त्यांवर प्लेटी झाडून मरते.

बनवल्याची तारीख वाचायला सांगा. तीन-चार महिन्यांपेक्षा जुनी नको, आणि समोर मल्टिमीटर लावून १२.५ च्या वर दिसली पाहिजे. वॉरंटीचे महिने ऐकताना विचारा, त्यातले पूर्ण बदलीचे किती आणि किमतीत सूट मिळण्याचे किती. दोन्ही मिळून मोठा आकडा सांगतात. जुनी बॅटरी दुकानातच वळती करा, किंमत कमी होते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. तो ती कुठल्या तरी व्हाळाकाठी (ओढ्याकाठी) फोडतो, आम्ल तिथेच ओततो आणि शिसं घेऊन जातो. त्याच व्हाळाचं पाणी खालच्या विहिरींना झिरपतं.

मावसभावाने शेवटी ३५ ची मेंटेनन्स फ्री घेतली, त्याच मापात वरच्या ताकदीची. उरलेल्या पैशांतून अर्थची नवी तार, दोन पितळी क्लँप आणि मल्टिमीटर आला. दहा नंबरचा पाना सुंभाने मांगराच्या खांबाला बांधून ठेवला आहे, म्हणजे शोधायला नको. चवथीच्या दोन दिवस आधी तो रात्रीच्या गाडीने उतरला आणि सकाळी मला फोटो पाठवला. मल्टिमीटरवर १२.४७. तार लावली, पहिल्या सेल्फला गाडी लागली, आणि गणपती आणायला तो चित्रशाळेत गेला.